दिग्दर्शकाची विनामूल्य प्रकट मुलाखत: आयोजनाचा योग्य क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

चित्रपट दिग्दर्शकांना बोलावून त्यांच्या कारकिर्दीवर सर्वांसाठी खुला कार्यक्रम ठेवायचे ठरले, की बहुतेक आयोजक आधी सभागृह आणि तारीख पक्की करतात, मग पाहुण्यांचा होकार मिळवतात, लगोलग जाहिरात करतात आणि चित्रपटांतली कोणती दृश्ये दाखवायची हा प्रश्न शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. परिणाम ठरलेला असतो. पडद्यावर चित्र दिसते पण संवाद ऐकू येत नाहीत, मुलाखत पहिल्या चित्रपटावरच अडकून पडते, आणि ज्या कामाविषयी ऐकायला लोक आलेले असतात त्याची चर्चा आभारप्रदर्शनाच्या आधीच्या पाच मिनिटांत उरकली जाते. यातल्या जवळजवळ सगळ्या चुका निष्काळजीपणाच्या नसून क्रमाच्या असतात. म्हणून हा लेख क्रमावरच भर देतो.

पुढची मांडणी ९० मिनिटांचा कार्यक्रम, एक दिग्दर्शक, एक मुलाखतकार आणि साधारण २०० आसनांचे सभागृह असे गृहीत धरून केली आहे. तयारीला आठ ते दहा आठवडे हाताशी असावेत. त्यापेक्षा कमी वेळ असेल, तर दृश्ये दाखवण्याचा बेत सोडून केवळ संभाषणाचा कार्यक्रम करावा. अर्धवट परवानग्यांवर विसंबून राहण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

## टप्पा १: विषयाची चौकट ठरवणे

‘जीवनप्रवास’ हा विषय नव्हे. वीस-पंचवीस वर्षांच्या कामातून ९० मिनिटांत काय ऐकायचे आहे, हे एका वाक्यात लिहून काढता आले पाहिजे. त्या वाक्यातून चौकट आपोआप ठरते. उदाहरणार्थ, दिग्दर्शकांनी कमी खर्चाच्या चित्रपटांकडून मोठ्या निर्मितीकडे वाटचाल केली असेल, तर ‘साधने वाढली तेव्हा निर्णय कसे बदलले’ हा धागा धरता येतो. एकाच छायाचित्रकाराबरोबर किंवा संकलकाबरोबर अनेक चित्रपट केले असतील, तर ते सहकार्य हाच धागा होऊ शकतो. तिसरा मार्ग कामाच्या टप्प्यांचा: पटकथा, पात्रनिवड, चित्रीकरण, संकलन, आणि प्रत्येक टप्प्यावर वेगवेगळ्या चित्रपटातले एक उदाहरण.

सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत जास्त फसणारा मार्ग म्हणजे कालक्रम. बालपण, शिक्षण, उमेदवारी, पहिला चित्रपट या ओघात चाळीस मिनिटे कुठे जातात ते कळत नाही, कारण सुरुवातीच्या धडपडीच्या आठवणी सांगणाऱ्याला प्रिय असतात आणि ऐकणाऱ्यालाही गोड वाटतात. फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो यांनी १९६२ मध्ये रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांची जी प्रसिद्ध मुलाखत घेतली, ती चित्रपटागणिक कालक्रमानेच पुढे जाते. पण त्या दोघांकडे सलग काही दिवस होते. एका संध्याकाळच्या कार्यक्रमाला तो नमुना लागू पडत नाही.

चौकट ठरली की वेळेची वाटणी कागदावर मांडावी. प्रास्ताविक आणि परिचय मिळून ५ मिनिटे, संभाषण ५०, क्लिप्स १५ आणि प्रश्नोत्तरे २० ही वाटणी व्यवहारात चांगली टिकते. संभाषणाच्या ५० मिनिटांतही कोणत्या चित्रपटाला किती वेळ द्यायचा, याचे आकडे लिहावेत आणि ते शेवटाकडून लिहायला सुरुवात करावी: अलीकडच्या कामाला हवा तेवढा वेळ आधी राखून ठेवावा, उरलेला मागच्या कामाला द्यावा.

तपासणी: दिग्दर्शकांचा एकही चित्रपट न पाहिलेल्या माणसाला हे एका वाक्यातले सूत्र वाचून दाखवावे. कार्यक्रमाला यावे असे त्याला वाटले नाही, तर सूत्र अजून ढोबळ आहे.

## टप्पा २: दिग्दर्शकांशी पहिले सविस्तर बोलणे

होकार मिळणे आणि अटी ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होकार बहुधा फोनवर दोन मिनिटांत मिळतो. अटींसाठी मात्र स्वतंत्र वेळ मागून घ्यावा, आणि बोलणे झाल्यावर त्याच दिवशी सगळे मुद्दे एकाच ईमेलमध्ये लिहून पाठवावेत.

पहिला मुद्दा मानधनाचा. प्रवेश श्रोत्यांना विनामूल्य असतो, याचा अर्थ वक्त्यांनीही विनामूल्य यावे असा होत नाही. मानधन देणे शक्य नसेल, तर तसे पहिल्याच संभाषणात स्पष्ट सांगावे; प्रवास आणि निवास यांचा खर्च कोण करणार, सोबत कोणी येणार आहे का, हेही तेव्हाच विचारावे. ‘ते आपण नंतर बघू’ असे म्हणून ठेवलेली बाब नेमकी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वर येते.

दुसरा मुद्दा मर्यादांचा. न्यायालयात चालू असलेला वाद, सहकाऱ्यांशी झालेले मतभेद, प्रदर्शनाची तारीख जाहीर न झालेला चित्रपट यांविषयी बोलायचे नाही, असे दिग्दर्शक सांगू शकतात. प्रदर्शित न झालेल्या चित्रपटाबाबत तर निर्माता आणि प्रसिद्धी विभाग यांचे बंधन बहुधा असतेच. या मर्यादा मान्य कराव्यात, परंतु सगळे प्रश्न आधी लिहून मंजूर करून घेण्याची अट मान्य करू नये. तालीम केलेली उत्तरे प्रेक्षागृहाला लगेच ओळखू येतात. चर्चेची क्षेत्रे आणि दाखवायच्या क्लिप्सची यादी आधी देणे हा दोन्ही बाजूंना पटणारा मध्यममार्ग आहे.

तिसरा मुद्दा भाषेचा. दिग्दर्शक आणि श्रोते यांची भाषा वेगळी असेल, आणि वाक्यांमागून अनुवाद होणार असेल, तर बोलण्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. अशा वेळी प्रश्नांची संख्या निम्मी करावी. कार्यक्रम लांबवण्याचा मोह टाळावा. अनुवादकाला व्यक्तींची नावे, चित्रपटांची नावे आणि चित्रपटतंत्रातले शब्द यांची यादी किमान आठवडाभर आधी द्यावी.

सावधान: ध्वनिचित्रमुद्रण होणार आहे का, ते कोठे आणि किती काळ उपलब्ध राहील, हे याच ईमेलमध्ये लिहावे. सभागृहात मोकळेपणाने बोललेले वाक्य इंटरनेटवर कायम राहणार आहे, हे वक्त्यांना नंतर कळणे अन्यायाचे आहे.

## टप्पा ३: क्लिप्सची निवड आणि परवानगी

सगळ्यांत जास्त वेळ खाणारे काम हेच, आणि म्हणूनच ते जाहिरातीच्या आधी सुरू झाले पाहिजे.

निवडीची कसोटी ‘सर्वोत्तम दृश्य’ ही नसावी. ज्या दृश्यावर ठोस प्रश्न विचारता येतो, ते दृश्य निवडावे. अतिशय गाजलेल्या दृश्यानंतर टाळ्या पडतात आणि संभाषण तेथेच थांबते. उलट एखादे साधे, जेमतेम लक्षात राहिलेले दृश्य दाखवले तर दिग्दर्शक स्वतःच पुढे सरकून बोलू लागतात. दोन ते तीन मिनिटांच्या पाच क्लिप्स पुरेशा असतात. कथेचा शेवट उघड करणारे दृश्य घेऊ नये, कारण श्रोत्यांपैकी अनेकांनी तो चित्रपट पाहिलेला नसतो.

क्लिप नोंदवताना केवळ वेळ लिहिणे पुरेसे नाही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रचौकटींनी चालतो, पण काही जुन्या डिस्क आणि दूरचित्रवाणीच्या प्रती २५ चौकटींनी चालतात. त्यामुळे एका प्रतीत बरोबर ६० व्या मिनिटाला येणारे दृश्य दुसऱ्या प्रतीत ५७ मिनिटे ३६ सेकंदांनाच येते. शिवाय प्रदर्शित आवृत्ती आणि नंतर आलेली लांबवलेली आवृत्ती यांतही फरक असतो. म्हणून वेळेबरोबर क्लिपमधला पहिला आणि शेवटचा संवाद, किंवा संवाद नसल्यास पहिली आणि शेवटची प्रतिमा, शब्दांत लिहून ठेवावी.

परवानगीबाबत तीन गैरसमज घट्ट रुजलेले आहेत. प्रवेश विनामूल्य असल्यामुळे परवानगी लागत नाही, हा पहिला. पुष्कळ देशांच्या कायद्यांत सार्वजनिक प्रदर्शनाचा प्रश्न तिकीट लावले की नाही एवढ्यावर सुटत नाही. शैक्षणिक वापराला किंवा समीक्षेला मिळणाऱ्या सवलतीही देशागणिक वेगळ्या असतात, त्यामुळे स्वतःच्या देशातला नियम जाणकाराकडून समजून घ्यावा. दुसरा गैरसमज असा, की दिग्दर्शक स्वतः ‘हो’ म्हणाले म्हणजे परवानगी मिळाली. चित्रपटाचे हक्क बहुधा निर्मात्याकडे, स्टुडिओकडे किंवा वितरकाकडे असतात आणि गाण्याचे हक्क आणखी तिसऱ्याकडे असू शकतात. दिग्दर्शकांचा होकार उपयोगी पडतो तो योग्य माणसापर्यंत पोहोचायला. तिसरा गैरसमज म्हणजे ओटीटी सेवेचे सदस्यत्व आहे म्हणून तेथून दृश्य लावता येईल. अशा सदस्यत्वाच्या अटी साधारणपणे वैयक्तिक वापरापुरत्या असतात, आणि तांत्रिकदृष्ट्याही प्रत-संरक्षणामुळे प्रोजेक्टरवर केवळ काळा पडदा दिसण्याची शक्यता मोठी असते.

हक्कधारकाला पाठवायच्या पत्रात चित्रपटाचे नाव, क्लिपची लांबी आणि सुरुवात-शेवट, कार्यक्रमाची तारीख, स्थळ, आसनसंख्या, प्रवेश विनामूल्य असल्याचा उल्लेख, आणि क्लिप केवळ सभागृहात दाखवणार की मुद्रणातही ठेवणार, हे स्वच्छ लिहावे. ही शेवटची बाब गाळली जाते आणि तीच पुढे अडते. सभागृहातील प्रदर्शनाला होकार देणारे हक्कधारक इंटरनेटवरच्या वापराला नकार देतात, हे अगदी नेहमीचे आहे. पत्रासोबत चांगल्या प्रतीची फाइलही त्यांच्याकडेच मागावी. बऱ्याचदा ती मिळते.

परवानगी आलीच नाही तर काय, याचे उत्तर आधी तयार असावे. दिग्दर्शकांकडे स्वतःची टिपणे, खुणा केलेली पटकथेची पाने, स्टोरीबोर्ड (चित्रीकरणाआधी काढलेली दृश्यांची रेखाटने), चित्रीकरणस्थळी काढलेली छायाचित्रे असतात. ही सामग्री कोणाच्या मालकीची आहे हे विचारून ती पडद्यावर दाखवावी. खोडाखोड केलेले पटकथेचे एक पान पुष्कळदा क्लिपपेक्षा जास्त बोलते करते, असे माझे मत आहे. केवळ नाइलाज म्हणून नव्हे, तर पहिल्यापासूनच एखादे पान कार्यक्रमात असावे.

तपासणी: प्रत्येक क्लिपसमोर ‘लेखी परवानगी आली’, ‘तोंडी होकार’, ‘उत्तर नाही’ यांपैकी एक नोंद करावी. कार्यक्रमाला तीन आठवडे उरले असताना पहिल्या रकान्यात नसलेली क्लिप यादीतून काढून टाकावी.

## टप्पा ४: सभागृहाची निवड

चित्रपटगृह घ्यावे की व्याख्यानाचे सभागृह, हा प्रश्न क्लिप्स ठरल्यावरच सोडवता येतो. चित्रपटगृहात चित्र आणि ध्वनी उत्तम असतो, पण रंगमंच उथळ असतो किंवा नसतोच, वक्त्यांच्या चेहऱ्यावर टाकायला दिवे नसतात आणि माइकची सोय बाहेरून आणावी लागते. सभागृहात याच्या नेमके उलट असते: माइक आणि दिवे ठीक, पण पडदा लहान आणि त्यावर सगळीकडून उजेड पडलेला. क्लिप्स दृश्यप्रधान असतील तर चित्रपटगृह घेऊन माइक आणि दिवे भाड्याने आणावेत. संभाषण मुख्य असेल तर सभागृह बरे.

पाहणीला जाताना सोबत एक क्लिप न्यावी. आधुनिक प्रोजेक्टरचा पडदा बहुधा १६:९ या प्रमाणाचा असतो, २.३९:१ प्रमाणाचे रुंद चित्र त्यावर टाकले, की पडद्याच्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा काळ्या पट्ट्यांत जातो. पडदा लहान असेल तर शेवटच्या रांगेतून उपशीर्षके वाचता येत नाहीत. हे स्वतः शेवटच्या रांगेत बसूनच पाहावे, व्यवस्थापकाच्या शब्दावर सोडू नये. वक्त्यांच्या खुर्च्या पडद्यासमोर न ठेवता एका बाजूला ठेवाव्या लागतात, तेवढी जागा आहे का, हेही मोजावे.

अधिकृत आसनक्षमता लेखी घ्यावी. पायऱ्यांवर, मधल्या वाटांवर किंवा दारांशी माणसे बसवणे हे अग्निसुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचे आहे, आणि विनामूल्य कार्यक्रमातच ते सर्वाधिक घडते. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना प्रेक्षागृहात जाता येते का, हे बहुतेक जण विचारतात. रंगमंचावर जाता येते का, हे क्वचितच कोणी विचारते. सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल तर त्याची जागा दिग्दर्शकांच्या जवळ असावी आणि क्लिप चालू असतानाही त्याच्यावर मंद दिवा राहावा. दीड तासाच्या कार्यक्रमाला दोन दुभाषी आळीपाळीने लागतात.

## टप्पा ५: मुलाखतकाराची तयारी

सभागृह भरणे दिग्दर्शकांच्या नावावर होते. कार्यक्रम रंगणे मात्र मुलाखतकारावर अवलंबून असते. तरीही हे काम ऐनवेळी आयोजक संस्थेच्या पदाधिकाऱ्याकडे किंवा एखाद्या प्रसिद्ध निवेदकाकडे दिले जाते. ज्याने चर्चेतला प्रत्येक चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिला आहे, त्यालाच हे काम द्यावे. काही वर्षांपूर्वी पाहिलेल्या चित्रपटाची आठवण फसवी असते. त्यात नसलेले प्रसंगही आठवतात.

पहिले काम म्हणजे चित्रपटसूची. इंटरनेटवरच्या सूचीत महोत्सवातले पहिले प्रदर्शन आणि चित्रपटगृहातले प्रदर्शन यांची वर्षे मिसळलेली असतात, लघुपट गळलेले असतात, सहदिग्दर्शनाचा उल्लेख नसतो. ही सूची दिग्दर्शकांना पाठवून दुरुस्त करून घ्यावी. परिचयात चुकीचे वर्ष सांगितले, की वक्ते ते दुरुस्त करतात आणि पहिली दोन मिनिटे अवघडलेली जातात.

दुसरे काम म्हणजे त्यांच्या जुन्या मुलाखती वाचणे आणि ऐकणे. हेतू प्रश्न उचलण्याचा नसून ते टाळण्याचा आहे. जे किस्से चार ठिकाणी आलेले आहेत, ते पाचव्यांदा सांगायला लावू नयेत. मुलाखतकाराने स्वतः ते एका वाक्यात सांगून त्यापुढचा प्रश्न विचारावा.

आता प्रश्न. समजा, एका क्लिपमध्ये घरात दोघांचे भांडण चालू आहे आणि कॅमेरा शेवटपर्यंत दाराबाहेरच उभा आहे. यावर ‘हे दृश्य करताना मनात काय भावना होती?’ असे विचारले, तर भावना या विषयावर एक गुळगुळीत उत्तर मिळेल. त्याऐवजी असे विचारावे: ‘भांडण आत चालू आहे आणि कॅमेरा उंबरठा ओलांडत नाही. हे पटकथेतच लिहिलेले होते, की चित्रीकरणाच्या दिवशी ठरले?’ उत्तर काहीही आले, तरी पुढचा प्रश्न तयार असतो. पटकथेत होते असे उत्तर आले, तर नटांना आपण अर्धवट दिसणार आहोत हे आधी सांगितले होते का, असे विचारता येते. त्या दिवशी ठरले असे उत्तर आले, तर आत जाऊन घेतलेला शॉटही होता का, आणि असल्यास संकलनात तो का गळला, इकडे वळता येते. जो प्रश्न एका निर्णयाकडे बोट दाखवतो आणि त्याला पर्याय काय होता हे विचारतो, त्यातूनच कारकिर्दीविषयी खरे काही हाती लागते.

कार्डावर बारा ते पंधरा प्रश्न लिहावेत, त्यांतल्या सहा-सातांवर ‘हे झालेच पाहिजेत’ अशी खूण करावी. पहिला प्रश्न बालपणाचा नसावा. पहिल्या पाच मिनिटांत क्लिप दाखवून तिच्यावरच पहिला प्रश्न विचारणे, ही सर्वांत सुरक्षित सुरुवात आहे. वक्त्यांची भीड चेपते आणि श्रोत्यांनाही कामाची प्रत्यक्ष ओळख होते.

सावधान: एका दमात दोन प्रश्न विचारू नयेत. वक्ते त्यांतल्या सोप्या प्रश्नाचेच उत्तर देतात. प्रश्न विचारल्यावर पसरणारी शांतताही लगेच भरून काढू नये; माणूस विचार करत असतो.

## टप्पा ६: जाहिरात आणि नोंदणी

तारीख, वेळ, दारे उघडण्याची वेळ, कार्यक्रमाची लांबी, भाषा, प्रवेशाची पद्धत आणि मुद्रण होणार असल्याची सूचना, एवढे जाहिरातीत असावे. ‘विनामूल्य’ एवढेच लिहून थांबू नये. विनामूल्य पण पूर्वनोंदणी आवश्यक, की विनामूल्य आणि प्रथम येणाऱ्यास प्राधान्य, हे स्पष्ट करावे. ज्या क्लिप्सची परवानगी आलेली नाही, त्या चित्रपटांची छायाचित्रे जाहिरातीत वापरू नयेत.

पैसे दिलेले नसल्यामुळे नाव नोंदवलेल्यांपैकी बरेच जण येत नाहीत. म्हणून २०० आसनांना २०० च नोंदी घेतल्या तर पुढच्या रांगा रिकाम्या दिसतात, आणि बेसुमार नोंदी घेतल्या तर दारात वादावादी होते. आसनांपेक्षा थोड्या जास्त नोंदी घ्याव्यात, आदल्या दिवशी सर्वांना संदेश पाठवून येणार नसल्यास नाव काढण्याची सोय द्यावी, आणि प्रतीक्षायादी ठेवावी. सुरुवातीच्या दहा मिनिटे आधीपर्यंत न आलेल्यांच्या जागा प्रतीक्षेतल्यांना दिल्या जातील, हा नियम नोंदणीच्या पानावर, संदेशात आणि दारावर, तिन्ही ठिकाणी लिहिलेला असावा. तसे असेल तरच स्वयंसेवकाला दारात तो ठामपणे सांगता येतो. निमंत्रितांसाठी राखीव जागा मोजक्याच ठेवाव्यात. सर्वांसाठी खुल्या म्हणवणाऱ्या कार्यक्रमात पहिल्या चार रांगा दोरी लावून रिकाम्या दिसणे शोभत नाही.

## टप्पा ७: फायली आणि तांत्रिक तालीम

चित्रपटगृहाच्या यंत्रणेवर डीसीपी (चित्रपटगृहांसाठीचा डिजिटल फायलींचा संच) या स्वरूपातून क्लिप्स दाखवायच्या असतील, तर त्या स्वतंत्र करून चित्रपटगृहाला आधीच द्याव्या लागतात. संपूर्ण चित्रपटाची संरक्षित डीसीपी मिळाली असली, तर ती उघडणारी डिजिटल किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. तालमीच्या वेळी ती चालू झालेली असेल का, हे विचारून घ्यावे. सभागृहात लॅपटॉपवरून दाखवायचे असेल, तर एमपी४ फायली कराव्यात, नावांच्या सुरुवातीला ०१, ०२ असे क्रमांक घालावेत, आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला व शेवटी दोन सेकंद काळा पडदा ठेवावा, म्हणजे लॅपटॉपवरची चिन्हे प्रेक्षकांना दिसत नाहीत.

ध्वनीची एक चूक इतक्या वेळा होते, की ती स्वतंत्रपणे सांगायला हवी. ५.१ पद्धतीच्या, म्हणजे सहा वाहिन्यांच्या, ध्वनीत संवाद प्रामुख्याने मधल्या वाहिनीत असतात. सभागृहाची यंत्रणा केवळ डावी आणि उजवी वाहिनी घेत असेल, तर संगीत आणि दाराचे आवाज जोरात येतात आणि माणसे मात्र नुसते ओठ हलवताना दिसतात. फाइल तयार करतानाच ध्वनी दोन वाहिन्यांत मिसळून घ्यावा आणि सर्व क्लिप्सचा आवाज एका पातळीवर आणावा. लॅपटॉपच्या हेडफोनमध्ये नीट ऐकू आले म्हणजे सभागृहातही येईल, असे मानू नये.

केबलची लांबीही मोजावी. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही. त्यापुढे ऑप्टिकल केबल किंवा सिग्नल लांबवणारे यंत्र लागते. ज्या लॅपटॉपवर तालीम झाली, त्याच लॅपटॉपवर कार्यक्रम व्हावा. त्यातील सूचना, स्क्रीनसेव्हर आणि आपोआप होणारी अद्ययावतीकरणे बंद करावीत, आणि दुसऱ्या यंत्रावर सगळ्या फायलींची प्रत तयार ठेवावी.

माइक: वक्त्यांना कॉलर माइक सोयीचा वाटतो, पण स्कार्फ, हार किंवा जाकिटाची घडी त्यावर घासते. तो हनुवटीच्या वीतभर खाली आणि मुलाखतकार ज्या बाजूला बसणार त्या बाजूला लावावा, कारण बोलताना मान तिकडेच वळते. हातातला माइक वापरायचा असेल, तर जाळीवर मूठ न धरण्याची सूचना द्यावी. तशी धरली की शिट्टी वाजण्याची शक्यता वाढते. बिनतारी माइकच्या बॅटऱ्या कार्यक्रमाच्या तासभर आधी नव्या घालाव्यात, आणि सुटा हातमाइक रंगमंचावर तयार ठेवावा.

शेवटी एक पानाचा तांत्रिक तक्ता करावा. त्यातली एक ओळ अशी दिसावी: ‘क्लिप ०३, २ मिनिटे १० सेकंद. मुलाखतकाराचे वाक्य: «आता पावसातले दृश्य पाहू.» दिवे मंद, दोन्ही माइक बंद, फाइल सुरू. शेवटची प्रतिमा: रिकामा रस्ता. दिवे वर, माइक चालू.’ दोन्ही माइक बंद करणे विसरले, की क्लिप चालू असताना वक्त्यांचे खासगी कुजबुजणे सगळ्या सभागृहाला ऐकू जाते.

तपासणी: तालीम सलग करावी. प्रत्येक क्लिप सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवावी. पहिले दहा सेकंद पाहून ‘चालतेय’ म्हणणे ही तपासणी नव्हे.

## टप्पा ८: प्रत्यक्ष कार्यक्रम

दिग्दर्शकांना किमान ४५ मिनिटे आधी बोलवावे. दारे उघडण्यापूर्वी त्यांना खुर्चीत बसवून माइक तपासावा, पडदा कोठून दिसतो ते दाखवावे, आणि मान वळवून पाहावे लागत असेल तर समोर एक लहान मॉनिटर ठेवावा.

स्वागत, प्रास्ताविक, परिचय आणि सत्कार यांवर वीस मिनिटे घालवणे ही संयोजकांची जुनी खोड आहे. परिचय दोन मिनिटांचा असावा आणि त्यात पुरस्कारांची यादी नसावी. ती जाहिरातीत येऊन गेलेली असते. सत्कार करायचाच असेल तर तो शेवटी, दोन मिनिटांत करावा.

क्लिपपूर्वी चित्रपटाचे नाव, वर्ष आणि कथेतली जागा एका वाक्यात सांगावी, दृश्याचा अर्थ सांगू नये. क्लिप संपल्यावर दिवे पूर्ण वर येईपर्यंत दोन-तीन सेकंद थांबून मग प्रश्न विचारावा. वेळ पाहण्यासाठी मुलाखतकारासमोर घड्याळ हवे, आणि पहिल्या रांगेतल्या एका माणसाने दहा, पाच आणि एक मिनिट उरल्याची कार्डे दाखवावीत. वेळ कमी पडला तर क्लिप गाळावी, प्रश्नोत्तरांचा वेळ कापू नये. लोकांना संवादाचे आश्वासन दिलेले असते.

## टप्पा ९: श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्नोत्तरांचे नियम पहिला हात वर होण्याआधी सांगावेत: एका व्यक्तीचा एक प्रश्न, अर्ध्या मिनिटात, आणि माइक हाती आल्यावरच. माइक स्वयंसेवकानेच धरून ठेवावा. तो प्रश्नकर्त्याच्या हाती गेला, की परत मिळवणे कठीण जाते.

तीन प्रकारची माणसे हमखास भेटतात. प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणारे. ‘माझ्याकडे एक पटकथा आहे’ किंवा ‘मला भूमिका हवी आहे’ असे सांगणारे. आणि वादाचा विषय उकरून काढणारे. पहिल्यांना मुलाखतकाराने ‘म्हणजे आपला प्रश्न असा आहे’ असे म्हणत मध्येच सारांश देऊन सोडवावे. दुसऱ्यांसाठी दिग्दर्शकांना आधी विचारून ठेवावे. कामासंबंधीची विचारणा कोणत्या मार्गाने करावी, हे त्यांच्या संमतीने एकदाच जाहीर केले की तो विषय मिटतो. कोणाचीही पटकथा सभागृहात स्वीकारू देऊ नये, कारण पुढे कल्पना उचलल्याचा आरोप झाला तर तो वक्त्यांवर येतो. तिसऱ्यांच्या बाबतीत, ठरलेली मर्यादा असेल तर ती मुलाखतकाराने स्वतःच्या तोंडून सांगावी. नकार देण्याची वेळ पाहुण्यांवर आणू नये. ठरलेली मर्यादा न मोडणारा, पण टोकदार प्रश्न मात्र अडवू नये. सर्वांसाठी खुल्या कार्यक्रमाला तेवढी हिंमत हवी.

लाजणाऱ्यांसाठी चिठ्ठ्यांची सोय ठेवावी. क्लिप चालू असताना स्वयंसेवकांनी त्या गोळा केल्या, तर मुलाखतकाराला त्यांतून दोन-तीन चांगले प्रश्न निवडता येतात, आणि हात वर करणाऱ्या त्याच त्या सात-आठ लोकांबाहेरचा आवाजही ऐकू येतो.

## टप्पा १०: कार्यक्रमानंतरची कामे

मुद्रण प्रसिद्ध करण्यापूर्वी ते दिग्दर्शकांना पाहायला द्यावे आणि आक्षेप कळवण्याची मुदत लिहून कळवावी. इंटरनेटवरची परवानगी नसलेल्या क्लिप्स मुद्रणातून काढाव्यात, आणि त्या जागी चित्रपटाचे नाव व वर्ष सांगणारी पाटी टाकावी. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा असे तुकडे आपोआप ओळखते, आणि मग पूर्ण मुलाखतच अडकू शकते. श्रोत्यांपैकी कोणी चित्रात न दिसण्याची विनंती केली असेल, तर तो भागही तपासावा. मानधन आणि प्रवासखर्च ठरलेल्या तारखेला द्यावा. हक्कधारकांनी दिलेल्या फायली दोन्ही यंत्रांवरून आणि सभागृहाच्या संगणकावरूनही पुसून टाकाव्यात, आणि तसे त्यांना लेखी कळवावे.